किल्ल्याचा वाढदिवस कोणता?

दिवाळीच्या अंकात कोडी असायचीच. त्यांच्या पंगतीला बसवावे असे एक खरे कोडे मालवणच्या समुद्रात उभे आहे. सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला मार्गशीर्ष वद्य 2, शके 1586 या दिवशी. मुहूर्ताची पूजा झाली किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. पुस्तकांतून तारीख मिळते 25 नोव्हेंबर 1664. मग वाढदिवस दरसाल त्याच तारखेला करावा काय? यावरून आमच्या भाचरांत दोन तट पडले. "मामानु, तुम्ही सांगा!" म्हणून दोघेही माझ्याकडे आली.

म्हटले, भांडू नका, कोष्टक मांडा. शकात 12 मिळवून 60 ने भागावे, बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. 1598 ला 60 ने भागले की उरतात 38, म्हणजे क्रोधी. जुन्या कागदावर शकाचा आकडा पुसट असला, तर हे नाव साक्षीला येते. मात्र साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा फिरून येते, तेव्हा एकट्या त्याच्यावर निकाल देता येत नाही. पुढे जंत्री हवी. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर 1896 साली अशी कोष्टके छापली, तीही इ. स. 300 पासूनची! (आपला कोकणचा माणूस, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

तिथीवरून वार निघाला शुक्रवार. पण आजचे कॅलेंडर मागे नेले, तर 25 नोव्हेंबर 1664 ला येतो मंगळवार! मेख इथेच आहे. इंग्रज तेव्हा जुनी ज्युलियन गणना वापरीत. ती त्यांनी सोडली 1752 साली. गोव्याच्या पोर्तुगीजांनी मात्र नवी ग्रेगोरियन गणना केव्हाच धरली होती. त्यामुळे एकाच शुक्रवारी सुरतेच्या इंग्रज वखारीत 25 नोव्हेंबर, आणि शेजारच्या गोव्यात 5 डिसेंबर!

भाचीने समुद्रालाही साक्षीला ओढले. नव्या गणनेच्या 25 नोव्हेंबरला शुद्ध अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र, म्हणजे पाण्याला भांग. वद्य द्वितीयेला मात्र उधाण. हा फरक रापणकराला सांगावा लागत नाही.

म्हणजे आजच्या कॅलेंडराने धरायचे तर 5 डिसेंबर, नाहीतर सरळ तिथी पाळावी. माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोन्ही दिवस खापरोळ्या घालणार नाही हो, एकच काय तो ठरवा."