लाकडाचे पाय कोरडे असू द्या

सन्माननीय विश्वस्त, पालक आणि प्रिय विद्यार्थ्यांनो,



पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळेच्या जुन्या सपरीची पाहणी केली. दर्शनी फळ्यांची खालची टोके व एका खांबाचा पाया बोटाने दाबताच आत गेला. वर सागवान ठणठणीत, खाली भुसा! सगळे लाकूड काढून सिमेंटची भिंत उभारावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. निर्णयापूर्वी लाकूड खालूनच का सडते, हे आपण समजून घेऊ.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. फळीच्या रुंद अंगातून पाणी हळू शिरते, कापलेल्या टोकातून मात्र झपाट्याने वर चढते. विद्यार्थ्यांनी खडूचे टोक रंगीत पाण्यात धरून पाहावे, म्हणजे पाणी कसे चढते ते कळेल. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर जाऊन तसाच राहिला की बुरशी धरते. माती टेकली की उधईला वाट मिळते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तेव्हा तिला दीमक म्हणत होतो. नाव कोणतेही असो, काम तेच. साग टिकाऊ खरा, पण सतत ओला राहिला तर तोही कायम टिकत नाही.

पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून वीतभर उंच उडते. म्हणूनच जुने सुतार खांब मातीत गाडत नसत. जोत्यावर दगडी तळखडा बसवून त्यावर खांब उभा करीत. दूर नॉर्वेतही हाच अनुभव आला. तिथे आधी चर्चचे खांब जमिनीत पुरत, ते कुजत. पुढे दगडावर आडवी तुळई ठेवून त्यावर भिंती उभ्या केल्या. तसे बांधलेले बोर्गुंडचे लाकडी चर्च सुमारे ८०० वर्षे उभे आहे.

मग आपली सपरी का सडली? अंगणात चिखल होतो म्हणून आम्ही दोनदा मुरूम टाकून सिमेंट केले. त्यात तळखडे गाडले गेले आणि फळ्या जमिनीला टेकल्या. दोष सागाचा नाही, आमचा आहे.

उपाय कठीण नाही. भर खोदून तळखडे मोकळे करावे व अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. छताला टेकू देऊन खांबाचा सडका भाग कापावा व तिथे पक्क्या सागाचा जोड द्यावा. फळ्या जमिनीपासून वीतभर वर कापाव्या. त्यांची खालची कड तिरपी ठेवावी, म्हणजे थेंब बाहेरच्या धारेवरून गळून पडेल. फळ्यांच्या मागे बोटभर पोकळी ठेवून खाली बारीक जाळी लावावी. हवा खेळेल, किडे शिरणार नाहीत. खालची फट सिमेंटने मुळीच बुजवू नये, पाणी आत अडकते. कापलेल्या टोकांना तेलरंग द्यावा, पण लाकूड पूर्ण वाळल्यावरच.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, वरचे चांगले लाकूड काढू नये. हिवाळ्यात लाकूड वाळेल, तेव्हा हे काम व्हावे. पालकांनीही अंगणात फरशी बसवण्यापूर्वी घरचे खांब एकदा वाकून पाहावे. तळखडा दिसत नसेल, तर आधी तो मोकळा करावा.

आपला,
प्राचार्य