मटण सुटलं, पोटही सुटलं

गेल्या वर्षी गटारीच्या सकाळी मी खोपोलीत खाटकाच्या दुकानापुढे छत्री धरून पाऊण तास उभा होतो. मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं. आता थेट दिवाळीपर्यंत मटण बंद. श्रावण पाळायचा म्हणून नव्हे, वजन उतरवायचं म्हणून. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की रेड मीट जरा कमी करा. 'जरा कमी'चं 'एकदम बंद' मी माझ्या मनानेच केलं. आपल्याकडे पथ्य म्हणजे काहीतरी सोडणं. सोडलेल्याच्या जागी काय आलं, हे बघायची पद्धत नाही.

तीन महिने नियम पाळला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काट्यावर उभा राहिलो, तर वजन दीड किलोने वाढलेलं.

आधी काटा खोटा असेल असं वाटलं. मग स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी घरात मटण शिजलं तेव्हा सगळं मोजायला बसलो. बायकोने एकदाच विचारलं, "अहो, हाडं कसली मोजताय?" नंतर तिनेही नाद सोडला.

त्या मोजणीआधी रेड मीट म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे अनेकांना ते फक्त गाय-म्हशीचं मांस वाटतं. ज्या मांसात मायोग्लोबिन हे प्राणवायू साठवणारं लाल प्रथिन जास्त, ते रेड मीट. बोकड आणि मेंढी त्यातच मोडतात, कोंबडी आणि मासे मोडत नाहीत. पण बोकड इतरांपेक्षा जरा वेगळा. तो चरबी साठवतो ती मुख्यतः पोटात, आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या भोवती. स्नायूंत आणि कातडीखाली ती कमी असते. त्यामुळे बोकडाच्या चरबी काढलेल्या कच्च्या मांसात शंभर ग्रॅममागे साधारण 110 कॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं आणि अवघी दोन-तीन ग्रॅम चरबी भरते. "चरबी टाकू का?" असं खाटीक विचारतो, ती चरबी वेगळीच असते आणि तिला नाही म्हणता येतं.

आता आमचं पातेलं. अर्धा किलो मटण, खाणारे पाच. जेवणानंतर गोळा केलेली हाडं सव्वाशे ग्रॅम भरली. म्हणजे मांस उरलं पावणेचारशे ग्रॅम, माणशी पंचाहत्तर, तेही कच्चं असतानाचं वजन. चिकटून आलेली चरबी धरली तरी माणशी शंभर कॅलरींच्या आसपास.

मग वाटणाकडे वळलो. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची एक वाटी साठ ग्रॅम भरली. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त चरबी असते, म्हणजे एका वाटीतच जवळजवळ चाळीस ग्रॅम. फोडणीला चार पळ्या तेल गेलं, ते पंचावन्न ग्रॅम. पातेल्यातल्या सगळ्या मटणाची चरबी वीस ग्रॅमच्या आत आणि वाटण-फोडणीची मिळून नव्वदच्या वर! कॅलरींत सांगायचं तर माणशी पावणेदोनशेच्या पुढे. सोबत तांदळाच्या दोन भाकऱ्या, त्यांच्या सव्वाचारशे. वर रस्सा ओतून कालवलेला अडीचशे ग्रॅम भात, त्याच्या सव्वातीनशे. हजारभर कॅलरींच्या त्या ताटात मटणाचा वाटा दहावा. आणि मी नेमका तेवढाच सोडला होता.

उरलेले नऊ हिस्से तीन महिने जिथल्या तिथे होते. रविवारी मटणाऐवजी बटाट्याचा नाहीतर काळ्या वाटाण्याचा रस्सा व्हायचा, त्यातही तीच वाटी आणि त्याच चार पळ्या. मटण गेलं, वाटण राहिलं. उलट पानात मटण नाही या दुःखात भाकरी एक जास्त जायची.

भाकरी जास्त जाण्यालाही शास्त्रीय कारण आहे. खाल्लेलं पचवायला शरीर ऊर्जा खर्च करतं. प्रथिनांच्या शंभर कॅलरींमागे वीस ते तीस पचनातच खर्ची पडतात, पिष्टाच्या पाच ते दहा आणि चरबीच्या जेमतेम तीनपर्यंत. शिवाय प्रथिनांनी पोट भरल्यासारखं वाटतं ते जास्त वेळ टिकतं. मटण काढून बटाटा ठेवला की ताटातून तीच गोष्ट जाते जिच्यामुळे माणूस 'आता पुरे' म्हणतो.

उपवासांचं तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिन औषधालाही नाही. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा, दोन मुठी शेंगदाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप घातलं की खिचडीची बशी साडेसहाशे कॅलरींच्या घरात जाते. श्रावणातल्या सोमवार-शनिवारी माझा मटण सोडण्याचा नियम कडकडीत पाळला जात होता आणि पोट साबुदाण्याने भरत होतं.

त्यात रोज खोपोली-कर्जत लोकल आणि कर्जतला गाडी बदलणं. बोरघाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. त्यासाठी मेल गाड्या कर्जतला थांबतात आणि त्या थांब्यावर इथला वडा देशभर गेला. इंजिन जोडायचं असतं गाडीला, खातो आपण. एक वडापाव साधारण तीनशे कॅलरींचा. आठवड्यातून चार म्हटले तरी बाराशे, म्हणजे रविवारच्या माझ्या वाटणीच्या मटणाच्या बारापट. पण वड्याला कोणी रेड मीट म्हणत नाही, म्हणून तो सुटतो.

मग रेड मीट आणि वजनाचा संबंध जोडणारे अभ्यास खोटे का? तसं नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 2011 मध्ये 1,20,877 अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या नोंदी तपासल्या. रोजच्या आहारात एखाद्या पदार्थाची एक वाढणी वाढली, तर चार वर्षांत वजन किती बदलतं, असा तो हिशेब होता. बटाट्याचे वेफर पहिले, पाऊण किलोच्या वर. मग बटाटा, अर्ध्या किलोहून थोडा जास्त. साखरेची पेयं आणि रेड मीट जवळजवळ बरोबरीने, अर्ध्या किलोच्या किंचित खाली. भाज्या, फळं, दाणे-बदाम यांनी वजन किंचित उतरलं आणि सर्वांत जास्त दह्याने. त्याच्या आदल्याच वर्षी युरोपातल्या दहा देशांमधल्या 3,73,803 लोकांचा अभ्यास आला होता. रोज अडीचशे ग्रॅम मांस जास्त खाल्लं, तर पाच वर्षांत दोन किलो वजन जास्त वाढतं, असा त्याचा निष्कर्ष.

यातला 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. रोज अडीचशे ग्रॅम! आमच्या पाचजणांच्या घरात महिन्याला दोन किलो मटण शिजायचं. शिवाय हे अभ्यास सहसंबंध दाखवतात, आणि तिकडे मांसासोबत तळलेला बटाटा नि गोड पेय येतं तसं इकडे मटणासोबत भात येतो. भारतात आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सरासरी 62 टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतूनच येतात. 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशा नावांच्या भाताच्या जाती ज्या गावच्या संशोधन केंद्रातून निघाल्या, त्याच्या शेजारीच बसून भाताला दोष देणं जिवावर येतं खरं. पण मोजलं ते मोजलं.

कर्करोगाचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला कारणीभूत ठरवलं आणि रेड मीटला 'बहुधा' या गटात टाकलं. जागतिक कर्करोग संशोधन निधीची मर्यादा आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम अशी आहे. घरचं रविवारचं मटण तिच्या बरंच खाली राहतं. शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत फार्महाऊसवर चुलीचं मटण नि ग्लास यांत बसणाऱ्यांनी मात्र आकडा तपासावा. दारूच्या ग्रॅममागे सात कॅलरी असतात, तेही विसरू नये. (गटारीच्या दुसऱ्या दिवशी काटा एक किलो जास्त दाखवतो, ती मात्र चरबी नव्हे. किलोभर चरबी चढायला 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. ते मीठ, त्याने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न.)

मला खरी काळजी वाटते ती मटणाबरोबर आणखी काय जातं याची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही स्नायू कमी नि चरबी जास्त असते, हे त्यांनी स्वतःच्याच देहावर दाखवलं. अशा शरीराचं वजन नुसतं उपाशी राहून उतरवलं, तर उतरलेल्या किलोंतला साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. प्रथिनं आणि अंगमेहनत असेल तर ही गळती कमी होते. मटण सोडून साबुदाणा धरला की काटा कदाचित खाली जाईल, पण पोट तसंच राहील नि दंड सुकतील.

याज्ञिकांच्याच गटाने 2006 मध्ये पुणे नि आसपासच्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. 67 टक्क्यांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांमध्ये. शाकाहाऱ्यांना हा धोका चौपटीहून जास्त होता. बी-12 फक्त प्राणिज पदार्थांतून मिळतं. यकृतातला त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून मटण सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होतं, आणि वजन उतरवायला सांगितलेल्यांपैकी कितीतरी जण ती गोळी घेत असतात. बायकांचा प्रश्न लोहाचाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं 2019-21चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. तेव्हा घरातल्या पुरुषाचं पोट सुटलं म्हणून सगळ्या घराचंच मटण बंद करणं मला तरी पटत नाही.

ज्याला सोडायचंच आहे त्याने जरूर सोडावं. आमच्याकडे तुळशीची माळ घालून मांसाहार सोडलेली नि सत्तरीतही शेताच्या बांधावर चालणारी कितीतरी माणसं आहेत. जागा भरून काढायला इथे काही कमीही नाही. भात कापला की त्याच ओलीवर कर्जत-खालापूरच्या शेतांत कडवे वाल होतात. शंभर ग्रॅम कोरड्या वालात वीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतू. माळ नसेल त्याला एक अंडं सहा ग्रॅम प्रथिनं देतं, पंचाहत्तर कॅलरींत, थोड्या बी-12सह. सुकट-जवळा त्याहून सरस, फक्त मीठ धुऊन घ्यावं लागतं. दूध-दही तर माळकऱ्यालाही चालतं. थंडीतली पोपटी या सगळ्या हिशेबात फारच हुशार निघाली: मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, झालंच तर कोंबडी, आणि तेलाचा थेंब नाही.

आमच्या घरी मटण पुन्हा सुरू झालंय, महिन्यातून दोन रविवार. खाटकाला चरबी नको म्हणतो. खोबरं अर्धी वाटी, भाकरी एक, भात निम्मा, आणि आधी वाटीभर बिरडं. पळी मी कपाटात ठेवून दिली आणि तेलाच्या डब्यात चमचा ठेवला, कुणाला न सांगता. पहिल्या रविवारी आईने रस्स्याची वाटी उचलून उजेडाकडे धरली, तिरकी केली, परत सरळ केली.

"मटण मऊ झालंय," ती म्हणाली, "पण तवंग कुठं गेला रे?"