चौकटीवरची चकाकी : शंभर वर्षांचा मागोवा

भिंतीवर डिस्टेंपर मारला की थोडेफार खाचखळगे खपून जातात. दार, चौकट, खिडकीच्या झडपा यांचं तसं नसतं. त्यांच्यावर चकचकीत रंग चढला की खालचा प्रत्येक ओरखडा उजेडात येतो. गेल्या शंभर वर्षांत हा रंग मुळापासून बदलत गेला. तो अधिकाधिक लवकर वाळू लागला, आणि पृष्ठभाग सपाट करण्याचं जे काम पूर्वी रंग स्वतः करायचा, ते रंगाऱ्याच्या हातावर आलं.

सुरुवातीच्या काळात रंगारी रंग स्वतःच कालवत असे. शिशाचा किंवा जस्ताचा सफेदा, त्यात बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, आणि पातळ करायला टर्पेंटाइन. लाकडाच्या गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, खिळ्यांच्या भोकांत खडूची भुकटी तेलात मळून केलेली लांबी. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याला दिवस-दिवस लागत, पावसाळी हवेत आणखी जास्त. तेवढ्या अवधीत कुंचल्याच्या रेघा आपोआप जिरून जात. मात्र हा थर मऊ राहायचा, आणि त्याची चकाकी लवकर मंदावायची.

शिशाचं विष तेव्हाही माहीत होतं. १९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेद्याला आळा घालणारा करार मंजूर केला. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. मधल्या पंचाण्णव वर्षांची किंमत जुना रंग कोरडा घासून भुकटी श्वासात घेणाऱ्या रंगाऱ्यांनी आणि त्या घरांतल्या मुलांनी मोजली, याचा विसर पडू नये.

१९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉय किनल यांनी तेल आणि कृत्रिम राळ एकत्र आणणाऱ्या अल्किडवर काम केलं. आपण ज्याला सरसकट ऑइलपेंट म्हणतो तो सिंथेटिक इनॅमल याच अल्किडचा. मुंबईत १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला गट्टू नावाचा मुलगा हातात कुंचला घेऊन तिच्या डब्यांवर आला. तयार रंगाचा डबा घरोघर पोचला तो याच काळात. इनॅमल काही तासांत हाताला लागेनासा होई, रात्रभरात दुसऱ्या हाताला तयार होई, आणि रेघा जिरण्याइतका वेळही देई. दोष एकच : उजेड न मिळणाऱ्या जागी, म्हणजे कपाटाच्या आत आणि दाराच्या मागे, पांढरा रंग पिवळा पडे.

पुढे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि ग्रॅनाइटच्या चौकटी आल्या, तसं रंगवायचं लाकूडच कमी झालं. उरलेल्या दारांवर फवाऱ्याने पीयू म्हणजे पॉलियुरेथेन मारला जाऊ लागला. त्याची चकाकी काचेसारखी असली तरी त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, त्यामुळे योग्य मास्कशिवाय तो मारूच नये.

आता पाण्यात मिसळणारा इनॅमल आला आहे. वास कमी, पिवळेपणा जवळजवळ नाही. पण पाणी भराभर उडतं, मे महिन्यात तर फारच, आणि रेघ जिरण्याआधीच थर धरतो. म्हणून थोडा-थोडा भाग घ्यायचा, ओली कड सुटू द्यायची नाही, आणि धरू लागलेल्या रंगावर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही. बारीक फोमच्या रोलरने रंग पसरवून वरून कुंचल्याचा हलका हात दिला तर उत्तम सफाई येते.

त्याआधीची तयारी मात्र बेलतेलाच्या काळातलीच आहे : गाठी बंद करणं, लांबी भरणं, अस्तर, प्रत्येक हातानंतर पाणीपेपरने घासून पुसणं. जुन्या घरात ओलं घासणं शिशाच्या धुळीपासूनही वाचवतं. रंगाने वाचवलेला वेळ या तयारीला मिळायला हवा होता. प्रत्यक्षात तो ठेक्याच्या मुदतीतूनच कापला गेला. घरमालकांनी दरपत्रकात या तयारीचे दिवस वेगळे लिहून मागावेत आणि त्यांची मजुरी वेगळी द्यावी. गुळगुळीत चौकटीचं खरं मोल तिथेच आहे.