उपग्रहाची साक्ष किती खरी मानायची?

निमगाव केतकीतला शेतकरी ई-पीक पाहणीसाठी शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, तेव्हा फोटोसोबत अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून एनएमएमएस ॲपवर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो घेणे बंधनकारक झाले. त्यांनाही ठिकाणाची नोंद जोडलेली असते. म्हणजे कष्टकऱ्याची मजुरी आणि शेतकऱ्याची भरपाई आता ‘लोकेशन’वर अवलंबून आहे. म्हणून हे लोकेशन कसे ठरते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली जागा व अचूक वेळ सतत कळवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून मोबाइल आपली जागा काढतो. पण इतक्या दुरून येणारा संदेश फार क्षीण असतो आणि सर्वसामान्यांसाठीच्या जीपीएस संदेशावर खरेपणाचा शिक्काही नसतो. जवळच्या एखाद्या यंत्राने तसाच, पण अधिक जोरकस संदेश सोडला, तर मोबाइल त्यालाच खरा मानू शकतो. याला स्पूफिंग म्हणतात. जॅमिंगमध्ये संदेशच दाबला जातो, त्यामुळे बिघाड लवकर लक्षात येतो. स्पूफिंगमध्ये यंत्र चुकीची जागा ठामपणे दाखवत राहते.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा किंवा स्पूफिंग झाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळही असे प्रकार घडले. तिथे जमिनीवरची पारंपरिक दिशादर्शक यंत्रणा हाताशी होती, म्हणून विमाने सुखरूप उतरली.

गावात फसवणुकीसाठी एवढी यंत्रे लागत नाहीत. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ॲपच्या चाचणीसाठी खोटे ठिकाण देण्याची सोय असते आणि तिचा गैरवापर होऊ शकतो. इथे उपग्रहाचा संदेश खराच असतो, फसवले जाते ते ॲपला. त्याहून सोपी युक्ती म्हणजे फोटोचाच फोटो काढणे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ च्या परिपत्रकात एनएमएमएसवरचे असे गैरप्रकार स्वतःच मांडले आहेत. दुसरीकडे, दाट झाडीखाली किंवा उंच भिंतीआड प्रामाणिक माणसाचेही लोकेशन काही मीटर सरकते. शेताचा तुकडा लहान असेल, तर तेवढ्याने शेजारचा गट दिसू शकतो.

अशा वेळी लबाड माणूस वाट काढतो आणि ज्याचे हातावर पोट आहे, त्याचा दिवस बुडतो. विमानाला दुसरा आधार असतो, मग मजुराला का नको? आमचे म्हणणे एवढेच आहे की लोकेशन जुळले नाही, म्हणून कोणाचा हक्क परस्पर नाकारू नये. हजेरीपट, प्रत्यक्ष पाहणी आणि सोबत काम करणाऱ्यांची साक्ष यांनाही तितकेच वजन द्यावे.

मजुरांनी जॉबकार्डावरची नोंद वेळच्या वेळी करून घ्यावी. शेतकऱ्यांनी पीक पाहणी पूर्ण झाल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. नोंद चुकली, तर तोंडी सांगून थांबू नये. लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.