उथळ पाण्यांतील नांगर आणि जुन्या कागदांतील तिथि

घाटावरील वाचकास 'नांगर' हा शब्द दिसला कीं त्याच्या डोळ्यांपुढें बैल व काळी जमीन उभी राहते. प्रस्तुत लेखकाचा जन्म व सारी शिक्षकी नगर जिल्ह्यांत झाली असल्यामुळें त्याची स्थितीहि याहून निराळी नव्हती. जुन्या कागदांत 'गलबतें खाडींत नांगरलीं' असें वाक्य आलें म्हणजे 'गलबतें थांबलीं' एवढाच अर्थ घेऊन तो पुढें जात असे. हा अर्थ चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. आणि या अपुरेपणामुळें आपण कागदांतील महत्त्वाचा पुरावा हातचा घालवतों, हें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. समुद्रापासून दूर असलेल्या नगरकरानें हा विषय कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं अहमदनगरच्या निजामशाहीचा समुद्राशीं संबंध चौल बंदरामुळें होता, आणि उथळ पाण्यांत नांगरून राहण्याचा धोका ज्या प्रसंगानें सर्वांत स्पष्ट होतो तो प्रसंग त्याच खाडींत घडला.

प्रथम शब्दाविषयीं. शेतांतील नांगर हा संस्कृत 'लाङ्गल' शब्दापासून प्राकृताच्या द्वारें आला. गलबताच्या नांगरास फारशींत 'लंगर' म्हणतात, आणि हिंदुस्थानींत तेंच रूप चालतें. मराठीनें दोहोंसाठीं एकच उच्चार ठेविला. अर्थदृष्ट्या यांत वावगें कांहीं नाहीं, कारण दोन्ही साधनें ओढल्यानें जमिनींत रुततात. अमरकोशाच्या वारिवर्गांत डोलकाठीस 'कूपक', वल्ह्यास 'क्षेपणी', सुकाणूस 'अरित्र', पाणी उपसण्याच्या भांड्यास 'सेकपात्र' असे शब्द दिले आहेत. नांगरास मात्र तेथें शब्द नाहीं. वस्तु मात्र जुनी आहे. द्वारका व बेट द्वारका येथें, तसेंच आपल्याकडे विजयदुर्ग व सिंधुदुर्ग यांच्या परिसरांत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं दगडी नांगर शोधून काढले आहेत. त्यांतील एका प्रकारांत लांबट दगडाच्या वरच्या टोकास दोरासाठीं एक गोल भोंक व खालीं एकमेकांशीं काटकोनांत दोन चौकोनी भोंकें असतात. या चौकोनी भोंकांतून लांकडी दांडे घालीत, व तेच तळांत रुतत. दांडे कुजून गेले, दगड राहिले. किनाऱ्यावरील गांवांत असा दगड कुंपणाला लावलेला आढळल्यास संग्राहकानें तो ओळखावा.

आतां नांगर धरतो कसा तें पाहूं. लोकांचा समज असा कीं नांगराच्या वजनानें गलबत थांबतें. वस्तुतः वजनाचा उपयोग नांगर तळास नेण्यापुरताच मुख्यत्वें आहे. गलबत धरून ठेवतें तें त्याच्या फाळाचें रुतणें. दोराची ओढ तळाशीं आडवी लागली तर फाळ अधिकाधिक रुततो. ती उभी लागली तर तोच फाळ उपटून निघतो. म्हणून पाण्याच्या खोलीपेक्षां दोर कित्येक पट लांब सोडावा लागतो. साधारण वाऱ्यांत पांचपट व वारा वाढल्यास सातपट किंवा त्याहून अधिक, असें प्रमाण दर्यावर्दी लोक मानतात.

येथेंच उथळ पाण्याची फसवणूक आहे. पाणी उथळ तर दोर थोडा पुरेल, असें वाटतें. एक उदाहरण घेऊं. ओहोटीच्या वेळीं तांडेलानें शिशाचा गोळा बांधलेली दोरी टाकून पाणी मोजलें, तें एक वांव, म्हणजे सुमारें सहा फूट, भरलें. त्याच्या पांचपट म्हणून त्यानें पांच वांव दोर सोडला. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीं पाणी सुमारें दोन वांव चढतें. गलबताची नाळ पाण्यावर एक वांव उंच धरली तर भरतीच्या वेळीं नाळेपासून तळापर्यंत चार वांव अंतर झालें, आणि दोर अवघा पांच वांव! ओढ जवळ जवळ उभी झाली व नांगर सुटला. खरा हिशेब चार वांवांवर धरावयास हवा, म्हणजे दोर वीस वांव हवा. उलट भरतीच्या वेळीं आलेल्या तांडेलास दुसरी काळजी असते: हें पाणी उतरल्यावर तळ गलबतास लागेल काय? सपाट तळाचें गलबत गाळावर शांतपणें बसतें. खोल तळाचें जहाज एका अंगावर कलतें, आणि कधीं आपल्याच नांगराच्या फाळावर बसून फुटतें.

यावर आणखी एक अडचण. वीस वांव दोरावर असलेलें गलबत नांगराभोंवतीं तेवढ्याच त्रिज्येच्या वर्तुळांत फिरतें. खाडींत प्रवाह सुमारें सहा तासांनीं उलटतो. म्हणजे सकाळीं समुद्राकडे ताणलेलें गलबत दुपारीं गांवाकडे ताणलें जातें. अरुंद खाडींत या फिरण्यास जागा नसते. म्हणून दोन नांगर टाकतात, एक खाडीच्या मुखाकडे व दुसरा आंतल्या अंगास. गलबत मध्यें राहतें व प्रवाह कोणताहि असो, एक नांगर त्यास धरतो. तळ कसला आहे हेंहि पाहावें लागतें. शिशाच्या गोळ्याच्या खळग्यांत चरबी भरून सोडली म्हणजे तिला चिकटून गाळ, वाळू किंवा शिंपले वर येतात. कांहींच आलें नाहीं तर खालीं खडक आहे असें समजावें. घट्ट चिखलांत नांगर चांगला धरतो, खडकांत एक तर धरीत नाहीं किंवा अडकून परत येत नाहीं.

या सर्व गोष्टी भरतीच्या वेळेवर अवलंबून आहेत, आणि भरतीची वेळ चंद्रावर. आपले जुने कागद तिथीनें लिहिलेले असल्यामुळें येथें आपणांस एक मोठी सोय आहे. किनाऱ्यावरील कोळ्यांचा हिशेब असा: पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकास पाऊणनें गुणावें, बारा वाजल्यापासून तितक्या तासांनीं भरती पूर्ण होते. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती, व दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. घटिकांत बोलावयाचें तर दर तिथीस दोन घटिका भरती पुढें जाते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या लगत उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार अधिक. अष्टमीच्या लगत भांग, म्हणजे चढउतार कमी. हा हिशेब मुंबई व अलिबागच्या आसपासचा आहे, आणि त्यांत अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. तरी इतिहासाच्या कामास तो पुष्कळ आहे.

आतां चौलचा प्रसंग. १५०८ च्या मार्चमध्यें पोर्तुगीज विसरई फ्रान्सिस्कु द अल्मैदा याचा पुत्र लोरेन्सु हा चौलच्या खाडींत, म्हणजे कुंडलिकेच्या मुखांत, आपल्या जहाजांसह नांगरून होता. चौल तेव्हां अहमद निजामशहाच्या राज्यांत होतें. इजिप्तच्या मम्लूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन याचें आरमार दिसूं लागलें, तेव्हां तीं आल्बुकेर्कचीं जहाजें असावींत अशा समजुतींत पोर्तुगीज गाफील राहिले. लढाई जुंपल्यावर दीवचा मलिक अयाझ याचीं हलकीं, वल्ह्यांचीं गलबतें शत्रूस येऊन मिळालीं. लोरेन्सुनें बाहेर पडण्याचा यत्न केला, पण त्याच्या जहाजांत पाणी शिरूं लागलें, व तें प्रवाहांत वाहत जाऊन कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुंटांत अडकलें. ओढून काढण्याची खटपट व्यर्थ गेली. लोरेन्सु तेथेंच मारला गेला. पुढच्या वर्षीं, ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं, त्याच्या बापानें दीवपाशीं याचा सूड घेतला. तोफा व शौर्य यांत पोर्तुगीज उणे होते असें कोणी म्हणणार नाहीं; पण अरुंद, खुंटांनीं भरलेल्या, प्रवाह उलटणाऱ्या खाडींत जड जहाज नेऊन ठेवल्यावर त्यास फिरावयास जागा उरली नाहीं. शत्रूच्या हलक्या गलबतांस तेंच पाणी सोयीचें झालें.

दुसरा प्रसंग खांदेरीचा, आणि येथें तिथीचा उपयोग प्रत्यक्ष दिसतो. १६७९ मध्यें शिवाजीमहाराजांनीं खांदेरी बेटावर तट बांधण्यास आरंभ केल्यावर इंग्रज जहाजें अडथळा करण्यासाठीं बेटाजवळ नांगरून राहिलीं. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीं उजाडतां उजाडतां दौलतखानाचीं साठांहून अधिक गलबतें किनाऱ्याकडून इतक्या वेगानें आलीं कीं इंग्रजांस नांगर उचलून शीड चढविण्यास जेमतेम वेळ मिळाला. त्यांची 'डव्ह' नांवाची गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. केग्विन ज्या 'रिव्हेंज' जहाजावर होता त्यानें मात्र हल्ला परतविला, आणि मराठ्यांचीं गलबतें नागोठण्याच्या खाडीकडे गेलीं. तेथील उथळ पाण्यांत मोठीं जहाजें पाठलाग करूं शकलीं नाहींत.

ही तारीख इंग्रजी दप्तरांतील, म्हणजे जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीनें ती २८ ऑक्टोबर होते, व गणित केल्यास शके १६०१ च्या आश्विन वद्य अष्टमी-नवमीचा सुमार येतो. पाऊणनें गुणल्यास सकाळीं सहा ते पावणेसातच्या दरम्यान पूर्ण भरती! म्हणजे हल्ल्याच्या घटकेस किनाऱ्यालगतचें पाणी भरलेलें होतें व सर्व गलबतें एकदम तरंगत निघूं शकत होतीं. त्यानंतर लागणारी ओहोटी मोठ्या जहाजांस किनाऱ्याजवळ जाऊं देणारी नव्हती. वेळेची ही निवड जाणूनबुजून केलेली असावी, असें मला वाटतें. उलट, दहा दिवसांचा फरक विसरून कोणी १८ ऑक्टोबरच नवी तारीख धरील, तर शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशी येऊन भरती दहाच्या सुमारास पडेल, आणि सारा तर्क ढासळेल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारास स्वतंत्र राज्यांग म्हटलें आहे, व गुराबा फार थोर नव्हेत, फार लहान नव्हेत अशा मध्यम बांधाव्या असें सांगितलें आहे. वरील दोन प्रसंग ध्यानांत घेतल्यावर या सल्ल्यामागें खाडींचें किती ज्ञान आहे हें कळतें.

शेवटीं स्वतःची एक चूक नमूद करितों. तीस वर्षांपूर्वीं कोंकणांतील एका घरीं मला कांहीं मोडी कागद पाहावयास मिळाले. त्यांत गलबतांची ये-जा होती. मीं सुबक दिसावें म्हणून तिथि, वार व घटिका गाळून केवळ इंग्रजी तारखा काढून टिपण केलें. त्या तारखाहि एका कोष्टकावरून घाईनें लिहिल्या. पुढें ते कागद वाळवीनें गेले. आज माझ्या हातीं तारखा आहेत, पण त्या बरोबर आहेत कीं नाहींत हें पडताळण्यास तिथि नाहीं, आणि तिथि नाहीं म्हणून भरतीहि नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं नक्कल करतांना मूळ तिथि, प्रहर, घटिका, वाऱ्याची दिशा व नांगरल्या जागेचें नांव, हीं कितीहि क्षुल्लक वाटलीं तरी जशींच्या तशीं उतरावीं व तारीख त्यांच्या शेजारीं निराळी लिहावी. गलबत कोठें नांगरलें होतें व तेव्हां पाणी किती होतें, हें सांगणारा दुसरा साक्षीदार आपणांजवळ क्वचितच असतो.