तिसऱ्यांदा बदललेला कुर्ता

स्नेहसंमेलनाला निघताना चौदा वर्षांची मुलगी तिसऱ्यांदा कुर्ता बदलते आणि अखेर ‘मी येतच नाही’ म्हणते. आई वैतागते, “अगं, तुला कोण बघतंय?” मुलीच्या मते सगळेच! मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये या भावनेला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटले. कॉर्नेल विद्यापीठातील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओशाळवाणा टी-शर्ट घातलेल्यांना वाटले, जवळपास निम्म्यांनी तो पाहिला. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या तो ध्यानात आला. आणि ते तर महाविद्यालयीन विद्यार्थी होते.

वयात येताना कालचा कुर्ता आज दंडात घट्ट होतो. शिवण थोडी सैल करून द्यावी. नव्या खरेदीत खर्चाची मर्यादा सांगून निवड तिच्यावर सोडावी. मात्र कपड्यांच्या निमित्ताने ती मैत्रिणींनाही टाळू लागली, तर जवळ बसून हळूच विचारावे, वर्गात कोणी काही बोलले का?