वारीची बांधणी (भाग 5) : कुठे एक रात्र, कुठे दोन

2025 च्या आषाढी वारीत लोणंदकरांच्या वाट्याला ज्ञानेश्वर माउलींचा एकच मुक्काम आला. 26 जूनला पालखी गावात आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तरडगावकडे निघालीसुद्धा. 2023 आणि 2024 साली इथेच दोन रात्री मुक्काम होता. 2022 साली तर लोणंदला दोन रात्री झाल्याच, पण पुढे फलटणलाही दोन झाल्या. वाट तीच, गावे तीच, चालणारे पायही बरेचसे तेच. तरी मुक्काम दरवर्षी का हलतात, याचे उत्तर रस्त्यावर सापडत नाही, ते पंचांगात आहे.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. पंढरपुरात ती आषाढ शुद्ध दशमीला पोहोचते, कारण दुसऱ्या दिवशी एकादशी. ही दोन्ही टोके पक्की आहेत, त्यांत तडजोड नाही. मधल्या तिथी मोजल्या तर प्रस्थानापासून एकादशीच्या पहाटेपर्यंत 18 रात्री भरतात. पण तिथी म्हणजे घड्याळाचा दिवस नव्हे. ती साधारण 19 तासांचीही असते आणि 26 तासांचीही. त्यामुळे एखाद्या पंधरवड्यात तिथीचा क्षय होतो, एखाद्यात वृद्धी होते आणि वारीच्या रात्री कमीजास्त होतात. 2022 साली 21 जूनला प्रस्थान आणि 10 जुलैला एकादशी होती, म्हणजे 19 रात्री. 2023 आणि 2024 साली बरोबर 18. 2025 साली 19 जूनला प्रस्थान आणि 6 जुलैला एकादशी, म्हणजे 17 रात्री.

वाढलेली रात्र कुठे घालायची आणि कमी झालेली कुठून काढायची, हा मुक्कामांच्या आखणीतला सगळ्यात नाजूक प्रश्न. लाखोंचा समाज चालत असताना कुठल्याही गावाचा मुक्काम सहज वाढवता येत नाही. सुरुवातीचा टप्पा तर तिथींनीच बांधलेला आहे. नवमीला पालखी पुण्यात येते आणि भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या मंदिरात उतरते. दशमीला तिथेच विसावा. एकादशीला दिवे घाट चढून सासवड. द्वादशीला सासवडातच थांबायचे, कारण सोपानदेवांची पालखी त्याच दिवशी तिथून प्रस्थान ठेवते. धाकट्या भावाची पालखी निघत असताना थोरल्याची पालखी गावात असते. या चार दिवसांत काही काढता येत नाही की घालता येत नाही.

पुणे ते सासवड हा वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा, सुमारे 32 किलोमीटरचा, आणि तो येतो नेमका योगिनी एकादशीला. म्हणजे उपवासाच्या पोटी दिवे घाटाची चढण. हडपसर मागे टाकून उरुळी देवाचीला दुपारचा विसावा होतो, मग वडकी नाला, मग घाट. माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या लावतात. चालणाऱ्यांना जोड्या लावता येत नाहीत, पण ही चढण आधी पुण्यातली आणि नंतर सासवडची अशा दोन पूर्ण विश्रांतींच्या मध्ये बसवलेली आहे. रोज वीस किलोमीटरचे सारखे तुकडे पाडणारा कोणी ही आखणी करू शकला नसता. ज्यांनी ती घातली, त्यांनी पायांचा विचार तिथीइतकाच केला होता, असे वेळापत्रक पाहताना वाटत राहते.

फलटणनंतरच्या बरडच्या पुढेही लवचीकपणा उरत नाही. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असा रोज एक मुक्काम, आणि बहुतेक प्रत्येक दिवसात रिंगण गुंफलेले. माळशिरसच्या अलीकडे सदाशिवनगर-पुरंदावडेचे गोल रिंगण, पुढे खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी आणि वाखरीच्या तोंडाशी बाजीराव विहीर. यातला एक दिवस हलवला तर सगळी साखळी हलते. दुसऱ्या वाटांवरून येणाऱ्या पालख्यांच्या भेटीही याच दिवसांवर बेतलेल्या असतात.

मधल्या वाटेवर हा भार पेलणारी उरतात लोणंद आणि फलटण. एक कांद्याची मोठी बाजारपेठ, दुसरे निंबाळकरांच्या जुन्या संस्थानाचे गाव. पाणी, दळण, किराणा, औषधे, मोकळे मैदान यांतले काहीच इथे अपुरे पडत नाही. फलटणचा तळ तर विमानतळाच्या मैदानावर असतो. एक दिवसाचा जादा भार ज्या गावांना पेलतो, तिथेच तिथीची वजाबाकी-बेरीज होते. लोणंदच्या पुढचा तरडगावचा टप्पाही मुद्दाम छोटा आहे, जेमतेम आठ किलोमीटरचा. पालखी लोणंद सोडते तीच मुळी दुपारी आणि वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. त्यात वेळ जातो. तो वेळ धरूनच मुक्काम जवळ ठेवलेला आहे.

ही घडी हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले. त्याआधी देहूहून तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली होती. हैबतबाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला, तेव्हा बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिला. अंकलीचे अश्व आजही दरवर्षी चालत आळंदीला येतात. फौजेचा तळ कसा पडतो, कूच कसे होते, आघाडी-पिछाडी कशी राखतात, हे जाणणारा माणूस या सोहळ्याच्या मुळाशी आहे, आणि मुक्कामाच्या रचनेत ते अजून दिसते. रथापुढे 27 दिंड्या आणि रथामागे शेकडो, प्रत्येकीला क्रमांक आणि त्या क्रमांकाने चालण्याची जागा. कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला आपापल्या जागी उभे राहायचे, तिसऱ्याला पाऊल उचलायचे.

तळावरचा खरा कारभार मात्र दिंडीच्या पातळीवर चालतो. दिंडीत भिशी भरलेले वारकरी चालत असतात, तेव्हा त्यांचे सामान ट्रकमध्ये असते. सकाळी राहुट्या उतरवायच्या, गुंडाळायच्या, ट्रक भरायचा आणि चालणाऱ्यांच्या आधी पुढचा तळ गाठायचा, हे काम करणाऱ्यांच्या वाट्याला वारीतले टाळ-मृदंग फारसे येत नाहीत. तळावर पोचताच जागा धरायची, पाण्याचा टँकर कुठे उभा राहणार ते बघायचे, चूल पेटवायची. पाऊस झालेला असेल तर राहुटीभोवती चर खणायचा, नाहीतर रात्री अंथरुणाखालून पाणी वाहते. दुपारच्या जेवणासाठी स्वयंपाकाचा वेगळा ट्रक विसाव्याच्या जागी आधी जातो. दोन-तीनशे माणसांची दिंडी असेल तर ही सगळी हालचाल अठरा दिवस रोज करायची. ज्यांचे पाय रस्त्यावर कमी आणि ट्रकच्या फाळक्यावर जास्त पडतात, त्यांची वारीही पूर्ण वारीच असते. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिले जाते.

संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात आणि समाजआरतीच्या आधी चोपदार दंड उंचावतात. त्यासरशी हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्यापाशी जाऊन विचारपूस करतात. हरवले-सापडले सांगितले जाते, दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचे ते जाहीर होते आणि मगच आरती होते. उद्याचे नियोजन सगळ्यांसमोर, उघड्यावर, रोज.

देहूच्या सोहळ्याचे गणितही असेच, पण गावे वेगळी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात असते. पुढे लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज करत ती वाखरीला येते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी महिन्याहून जास्त काळ चालते, म्हणजे तिच्या मुक्कामांची यादी माउलींच्या यादीच्या दुपटीच्या आसपास जाते. इतक्या दूरच्या वाटेवर एका चुकलेल्या मुक्कामाचा भार पुढच्या कितीतरी दिवसांवर पडतो.

तळाची जागा निवडताना जुन्या काळी पहिला निकष पाणी होता. नदी, ओढा किंवा मोठी विहीर असेल तिथे मुक्काम. कऱ्हेकाठी सासवड, नीरेच्या पलीकडे लोणंद. आज पाणी टँकरने येते, तरी वाटेवरच्या विहिरी तपासून त्यांत क्लोरीन टाकण्याचे काम आरोग्य खात्याला दरवर्षी करावे लागतेच, कारण एका दूषित विहिरीतून अख्खी दिंडी आजारी पडू शकते. शौचालयांची सोय मात्र बरीच उशिरा आली. फिरत्या शौचालयांच्या रांगा तळावर दिसू लागल्या त्या गेल्या काही वर्षांतच. पहाटे अंधारात आडोसा शोधत फिरणाऱ्या बायकांसाठी हा बदल किती मोठा आहे, हे त्यांच्याकडूनच ऐकावे. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या ठोकण्याला उच्च न्यायालयाने मनाई केली, त्यानंतर नदीपलीकडे 65 एकरांवर दिंड्यांसाठी आखीव जागा झाली. तिथे पाणी, वीज, शौचालये आहेत. वाळवंटातल्या मुक्कामाची ओढ असलेल्या जुन्या वारकऱ्यांना ते जड गेले, पण नदीसाठी आणि माणसांसाठी तो निर्णय योग्यच होता.

आता प्रश्न आहे तो वाटेवरच्या तळांचा. नोव्हेंबर 2021 मध्ये पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद झाला, चालणे मोकळे झाले. पण रुंदीकरणात जुनी वडाची झाडे गेली, आणि ज्यांच्या सावलीत दुपारचे विसावे होत ती ठिकाणे उघडी पडली. चौपदरी रस्त्यालगतच्या जमिनीला भाव येतो, मग प्लॉट पडतात, गाळे उभे राहतात. पूर्वी कापणीनंतर रिकाम्या असणाऱ्या ज्या शेतांत दिंड्या उतरत, तिथे आता कुंपणे दिसतात. तिथी पंचांगातून काढता येते, टँकर मागवता येतो, पण गावाशेजारची पाच-पन्नास एकर मोकळी जमीन एकदा गेली की ती परत मिळत नाही.

म्हणून तळाच्या गावांना विनंती आहे. बरड, नातेपुते, वेळापूर, भंडीशेगावसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपंचायतींनी आपल्या हद्दीतली दिंड्या उतरण्याची मैदाने, विसाव्याच्या जागा आणि पाण्याचे जुने स्रोत विकास आराखड्यात नावानिशी दाखवून घ्यावेत. रस्त्याकडेची नवी झाडे लावताना विसाव्याच्या ठिकाणी वड, पिंपळ आणि लिंबच लावावेत, आणि ती जगली की नाहीत हे पुढच्या ज्येष्ठात पाहावे. ज्या वाचकांना यंदा एखादाच दिवस चालायचे आहे, त्यांनी आधी एखाद्या दिंडीशी बोलून रात्रीच्या जागेची आणि जेवणाची खात्री करून घ्यावी. न सांगता तळावर गेलेल्या प्रत्येक पाहुण्याची जागा कोणा तरी वारकऱ्याच्या अंथरुणातून निघते.